वाटेत टेकायचं नाही

मित्रांनो, मी लोखंडाची, घडीची खुर्ची आहे. जुनी आहे हे वेगळे सांगायला नको. माझ्या जातीच्या खुर्च्या आता तुम्ही फारशा पाहिल्याही नसतील. माझ्या पाठीचा पत्रा निळा होता. आता तो निळा म्हणायचा की तांबूस, हे बघणाऱ्याच्या मनावर आहे. माझा एक पाय बोटभर आखूड आहे, त्यामुळे बसणारा जरा हलला की मीही हलते.

माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. खुर्चीच्या आयुष्यात घडून घडून काय घडणार? कोणी येतो, बसतो, उठून जातो. पण गेल्या वर्षी माझ्यापायी एका बाईचा नवस मोडला, असे गडब गावातल्या लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. आणि तो नवस मुळात कधी नव्हताच. गोंधळलात ना? म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म पेणमधल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. एका मंडपवाल्याने आमची मोठी ऑर्डर दिली होती आणि गणपती तोंडावर आले होते. कारागिराला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्या घाईत माझा एक पाय आखूड राहिला आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. मंडपवाल्याने पांढऱ्या रंगाने माझ्या पाठीवर आपल्या नावाचे अक्षर काढले. ते वाळायच्या आत मी टेंपोत जाऊन पडले.

तेव्हापासून उघड, मीट, टाक टेंपोत. आज हमरापूरला साखरपुडा, उद्या रोह्याला सभा, परवा कुठल्या तरी खाडीकाठच्या गावात बारसे. एकदा एका सभेत मोठ्या पाहुण्यांना माझ्यावर बसवले. ते गृहस्थ भाषणे संपेपर्यंत डुगडुगत राहिले आणि लोकांना वाटले, साहेबांना बोलायची फार घाई झाली आहे. टाळ्या मात्र त्यांनाच जास्त पडल्या. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला. खुर्च्यांनी स्थिर असावे असे म्हणतात, पण मला स्थिर राहणे कधी जमलेच नाही. एका जागी चार दिवस ठेवले की माझे सांधे कुरकुरू लागतात.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या, रंगीत, एकात एक बसणाऱ्या. आम्हाला गोदामाच्या मागच्या भिंतीला लावून ठेवले. तिथे पावसाळ्यात ओल यायची. गंज कसा चढतो हे मी तिथे शिकले. आधी तो खाजेसारखा असतो, नंतर कळतही नाही. पुढे कासूच्या एका लग्नात खुर्च्या कमी पडल्या म्हणून आमच्यातल्या काहींना बाहेर काढले. लग्न झाले, टेंपो भरला, मी मावले नाही. "हिला मागून नेतो," असे म्हणून टेंपोवाला गेला तो आजतागायत आलेला नाही. ज्या घराच्या अंगणात मी राहिले ते कमळाकरचे.

कमळाकर रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जायचा. अंगाने उंच, पण बोलायला अगदी भिडस्त. दुकानदाराने कमी सुटे परत दिले तरी हा गप्प घरी येणार. त्याची बायको चंद्रावती याच्या नेमकी उलट. ती हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. देवाच्या पितांबराचे काठ रंगवणे हे तिचे काम. दिवसभर मांडी घालून बसायची आणि दिवसभर बोलायची. संध्याकाळी कासू स्टेशनवरून घरी आली की तिच्या नखांत सोनेरी रंग असे आणि तोंडात कारखान्यातल्या साऱ्या बायकांच्या नकला असत.

मग चंद्रावतीच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झाले, मग केमो सुरू झाली. त्यासाठी दर खेपेला मुंबईला जायचे आणि त्याच दिवशी परत यायचे. केस गेले, भुवया गेल्या, नखे काळी पडली. परत आल्यावर ती अंगणात माझ्यावर येऊन बसायची. ती बसायची, पण तिचे पाय बसत नसत. टाचा सारख्या जमिनीवर आपटत राहायच्या. "अवो, मना काय तरी काम द्या," ती म्हणायची, "नायतर मी ह्या खुर्चीसारखी गंजून जाईन." कमळाकर तिच्या मागे उभा राहायचा. तो त्या दिवसांत बसलेला मला आठवत नाही.

एका खेपेला परतीच्या एसटीत जागा मिळाली नाही. चंद्रावतीने डोक्याला स्कार्फ बांधला होता, तोंडावर मास्क होता. ही बाई आजारी आहे हे कोणाला कळणार? कमळाकरने नुसते सांगायचे होते की जरा हिला बसू द्या. त्याच्या तोंडून ते शब्द निघाले नाहीत. पनवेलपासून वडखळपर्यंत चंद्रावती दांडा धरून उभी होती आणि स्कार्फच्या टोकात ओकत होती. त्या रात्री ती घरात झोपल्यावर कमळाकर अंगणात आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभा राहिला.

उपचार संपले. केस पुन्हा आले, आखूड आणि कुरळे. पण चंद्रावतीला कारखान्यात मांडी घालून बसवेना. रोह्याला दिपिका नावाची फिजिओथेरपिस्ट आहे. चंद्रावतीचा ऑपरेशननंतर सुजलेला हात दाखवायला ते तिच्याकडे गेले. दिपिका म्हणाली, "काकी, रोज चाला." चंद्रावती चालू लागली. महिन्याभराने ती म्हणाली, "चालून माझं समाधान होईना गो." दिपिका हसली आणि म्हणाली, "मग पळा." तिथून ते सुरू झाले. पळता पळताच त्या दोघींनी ठरवले की रोह्यापासून पेणपर्यंत बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन धावायची. जे किलोमीटर कमी पडतील ते पेण गावात फेरी मारून पुरे करायचे. आणि त्यानिमित्त लोकांकडून जे पैसे जमतील त्यातून एक गाडी घ्यायची. रोह्याहून आणि पेणहून उपचाराला मुंबईला जाणाऱ्यांना नेणारी, आणणारी, आणि ज्यात ज्याला त्याला बसायला जागा असेल अशी गाडी.

त्या गाडीची सगळ्यांत जास्त गरज सुरैय्याला होती. सुरैय्या रोह्याची. तिची आणि चंद्रावतीची ओळख इस्पितळाच्या रांगेत झाली. तिचा नवरा लतीफ आखातात नोकरीला. सोबतीला कोणी नाही, आणि केमोच्या खेपा अजून बाकी. मधली एक खेप तिने चुकवली होती. चंद्रावतीने फोन केला तेव्हा ती म्हणाली, "चंद्रा, सुई सोसते गो मी. ती एसटी नाय सोसवत. गाडी आली तर जाईन, नायतर ऱ्हाऊ दे." त्या दिवसापासून चंद्रावतीच्या पायांना आणखीच घाई झाली.

डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, पण एक अट घातली. डोळ्यांपुढे अंधारी आली की असाल तिथे बसायचे. हट्ट करायचा नाही. कमळाकरने घरी येऊन मला पुसले, सांध्यांत खोबरेल तेल सोडले, आणि स्कूटरच्या मागे जुन्या ट्यूबने करकचून बांधले.

मित्रांनो, किती तरी वर्षांनी मी पुन्हा रस्त्यावर आले. सकाळी हायवेवर धूळ, खणून ठेवलेले रस्ते, मागून भोंगे वाजवणारे ट्रक. दोन्ही बाजूंना कापलेली भाताची शेते आणि त्यांत नुकता वर आलेला वाल. कमळाकर पुढे जायचा, एखाद्या झाडाखाली स्कूटर लावायचा, मला उघडायचा आणि माझ्याशेजारी उभा राहायचा. चंद्रावती धापा टाकत यायची, घडीभर टेकायची, लिंबूपाणी प्यायची आणि उठून पळायची. पुन्हा मिटणे, पुन्हा बांधणे, पुन्हा पुढे. माझी पाठ कमळाकरच्या पाठीला लागलेली असे. ट्रक जवळून गेला की त्याचा श्वास अडायचा. मागे वळून ती दिसली की सुटायचा. त्याच्या मनातले मला तसेच कळत गेले.

गडबच्या नाक्यावर सखाचे पोह्यांचे आणि पापडांचे दुकान आहे. सखा साठीचा, आवाजाने मोठा. गावच्या भजनात पुढे बसणारा. एका सकाळी त्याच्या दुकानात चारपाच जण चहा पीत होते. कमळाकर मला उघडून उभा होता आणि मागून चंद्रावती टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून पळत येत होती.

"कमळाकर," सखा म्हणाला, "बायकोला पोलिसात भरती करतंस काय?"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "पुढं ह्यो खुर्ची घेऊन, मागून ती पळतंय. वरात तरी कसली म्हणायची ही?"

"वरात नाय रे," तिसरा म्हणाला, "ती पळून चाल्ल्ये, आणि ह्यो तिला 'बस, बस' करतोय."

कमळाकरचे कान तापले. चंद्रावती अजून लांब होती. त्याला खरे सांगता आले असते. पण चहाच्या पेल्यांसमोर 'कॅन्सर' हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. एसटीत निघाला नव्हता तसाच.

"नवस हाय," तो म्हणाला. "रोह्यापासून पेणपर्यंत धावत जायचा."

हसणे एकदम थांबले. सखाने हातातला पेला खाली ठेवला. "मग आधी नाय सांगायचं? कशापायी नवस?"

"मोठ्या दुखण्यातून उठली. आजारी माणसांना मुंबईला न्यायला गाडी करायची, असं बोलल्ये ती."

"केस पण दिलेत," सखा गंभीरपणे म्हणाला. "म्यां बघितलं. मोठा नवस हाय."

केस कोणी दिले नव्हते, ते औषधाने गेले होते. पण कमळाकरने ते तसेच राहू दिले. त्याची पाठ घामाने भिजली होती.

दुसऱ्या दिवशी गडबच्या बायका रस्त्यावर आल्या. चंद्रावतीला थांबवून त्यांनी तिच्या बुटांवर तांब्यातले पाणी ओतले, कपाळाला कुंकू लावले आणि ओटीत नारळ घातला. टी-शर्टाला कसली आलीय ओटी? तिने तो टी-शर्टाच्या घोळात धरला आणि तशीच पळाली. तिसऱ्या दिवशी आणखी बायका आल्या. दोघीतिघी तिच्या पाया पडल्या. मोजे भिजून पायाला फोड आले. एरवी मी बसायला असते, त्या दिवसांत माझ्यावर नारळच बसू लागले.

"अवो," चंद्रावती कमळाकरला म्हणाली, "ह्या बाया माझ्या पाया कशाला पडतात?"

"दुखण्यातून उठलीस म्हणून. कवतिक वाटतं त्यांना."

"कवतिक असेल तर टाळ्या वाजवाव्या. बुटात पाणी कशाला ओततात? आणि इतक्या नारळांचं मी काय करू, वड्या?"

नारळांचे काय करायचे ते सखाने ठरवले. गडबच्या मारुतीच्या देवळात शनिवारी भजन झाले की प्रसादाच्या नारळाचा लिलाव होतो. सखाने ते नारळ तिथे लिलावाला ठेवले, गाडीसाठी. नवसाच्या बाईच्या ओटीतला नारळ म्हटल्यावर बोली चढत गेली. कोणी कोणाला मागे हटेना. दिपिकाने ऐकले तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. रोहे आणि पेण मिळून जेवढे जमले होते त्याहून जास्त एकट्या गडबने बोलले होते. गाडीचे नक्की होणार होते. फक्त गडबची एक रीत होती. नवसाची बोली नवस फिटल्यावर द्यायची. बाई पेणला पोचली की सगळ्यांनी सखाच्या हातात पैसे आणून ठेवायचे.

आणि त्याच शनिवारी सखा कमळाकरला बाजूला घेऊन म्हणाला, "एक सांगू? परवा पुलाजवळ ती खुर्चीवर टेकलेली म्यां बघितली. सरावाचं ठीक हाय. पर त्या दिवशी वाटेत टेकायचं नाय. टेकली का नवस मोडला. आमच्या गावात कोण बोली देणार नाय मग. माझी पण जीभ चालणार नाय."

त्यानंतर कमळाकरला धड झोप लागली नाही. रात्री तो अंगणात यायचा, मला उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. एक बिजागरी करकरायची म्हणून तिच्यात तेल सोडायचा. डॉक्टर म्हणतात बसव, गाव म्हणते बसवू नको, आणि चंद्रावतीला यातले काहीच ठाऊक नाही. सांगावे तर ती गडबला जाऊन सगळे मोकळे करून टाकणार. मग गाडी गेली. न सांगावे तर? मला वाचा असती तर मीच तिला सांगितले असते. पण खुर्चीला चार पाय असतात, तोंड नसते.

तो दिवस उजाडला. रोह्याहून अंधार असतानाच ते निघाले. चंद्रावतीबरोबर दिपिका आणि तिच्याकडची चारपाच मंडळी होती. नागोठण्यापर्यंत चंद्रावती इतकी मजेत होती की पळता पळता कोणाची तरी नक्कल करत होती. कासूला शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. मग ऊन चढले. हायवेचा खणलेला पट्टा आला. बाकीची मंडळी पुढे गेली, दिपिका तिच्याजवळ राहिली. चंद्रावतीचा एक पाय जरा वेडावाकडा पडू लागला. कमळाकर पुढे जाऊन थांबायचा, मागे बघायचा, पुन्हा पुढे जायचा. मी मागे बांधलेलीच. त्या दिवशी सकाळपासून त्याने मला एकदाही सोडले नव्हते. त्याची पाठ अशी थरथरत होती की माझा आखूड पाय स्कूटरच्या पत्र्यावर खडखडत राहिला.

गडबच्या नाक्यावर अख्खे गाव जमले होते. बायका पाण्याचे तांबे घेऊन उभ्या, सखाच्या दुकानासमोर ढोलकी. एका बाजूला टेबल मांडून सुरैय्या पाण्याचे पेले भरत होती. आदल्या दिवशी तिनेच दिपिकाला सांगितले होते, "माझ्यासाठी पळतंय आणि मी घरात बसू?" तोंड पांढरेफटक होते तिचे, पण ती टेबलाला रेलून उभी होती.

चंद्रावती आली ती पळत नव्हती, चालतही नव्हती. ती पडता पडता पुढे येत होती. नाक्यावर आली आणि थांबली. तिची नजर कुठेच ठरेना.

"अवो," ती म्हणाली, "खुर्ची द्या."

कमळाकर स्कूटरजवळ उभा होता. एक हात ट्यूबच्या गाठीवर. तो हलला नाही.

"बसू नको गो," बायका म्हणाल्या. "थोडंच ऱ्हायलं. आता बसू नको." दोघींनी पुढे होऊन तिला काखेत धरले. खरे तर मायेने धरले. तिच्या भल्यासाठीच त्या तिला उभी ठेवत होत्या. सखाने ढोलकीवाल्याला खूण केली. ढोलकी वाजू लागली.

मित्रांनो, मी आयुष्यभर लोकांना बसवले. पण त्या क्षणी जी तगमग झाली ती मला सांगता येत नाही. हातभर अंतरावर एक बाई कोसळत होती आणि मी मिटलेली, बांधलेली.

"खुर्ची द्या," चंद्रावती पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज निघालाच नाही. नुसते ओठ हलले.

कमळाकरने गाठ ओढली. ती सुटेना. महिनोन्महिने करकचून बांधायची सवय. त्याने ट्यूबला दात लावले आणि ती तोडली. गर्दीत घुसून त्याने मला उघडले. तेल घातलेली बिजागरी तरीही करकरली.

"बस, चंद्रा," तो म्हणाला. आणि त्या दोन बायकांचे हात त्याने स्वतः सोडवले. ती माझ्यावर बसली. बसली कसली, ओतली गेली. दिपिकाने तिचे डोके गुडघ्यांत वाकवले, मानेवर ओला पंचा ठेवला.

ढोलकी थांबली. "कमळाकर," सखा म्हणाला, "मोडलास ना नवस."

"बसली गो ती," कोणी तरी हळहळले.

सुरैय्या टेबलाजवळून म्हणाली, "सखाभाऊ, आमच्या रोह्यात देवाची पालखी निघते, ती आमच्या आळीत पण टेकते. देवानं टेकलेलं चालतं, आणि बाई टेकली तर मोडतं?"

एक म्हातारी हसली आणि तिने तोंडाला पदर लावला. सखा तिच्याकडे वळला. पण तेवढ्यात कमळाकर बोलला. त्याचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"नवस नव्हताच," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. हिला कॅन्सर झाला होता. केस देवाला नाय दिले, औषधानं गेले. तुम्ही हसलात म्हणून मना लाज वाटली आणि मी नवस बोललो. हिला ठाऊक पण नाय."

चंद्रावतीने मान वर केली. "कसला नवस?" तिने विचारले. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले, मग बायकांच्या हातांतल्या तांब्यांकडे पाहिले. तिला कळत गेले. "म्हणून होय नारळ," ती म्हणाली. "आणि म्हणून मना उभी धरलीत." मग कमळाकरकडे बघून, "माझ्या दुखण्याची लाज वाटली तुमाला?"

"दुखण्याची नाय," कमळाकर म्हणाला. "त्यांच्या हसण्याची."

सखा पुढे आला. आपल्याला फसवले याचा राग त्याच्या तोंडावर स्पष्ट होता. "मग ती पळतंय तरी कशापायी?" त्याने विचारले. "नवस नाय, मग येवढं जिवावर उदार कशाला?"

चंद्रावतीने माझ्यावर बसल्या बसल्या हात लांब केला. "ती बघा, पाणी वाटतंय. तिची खेप चुकल्ये. एसटीत उभी ऱ्हाऊन जायची म्हणून चुकल्ये. तिच्यापायी."

सगळ्यांनी सुरैय्याकडे पाहिले. तिला ते नको होते. ती पेले सरळ करू लागली, आणि त्या घाईत दोन पेले लवंडले.

सखाने लवंडलेले पेले उचलून सरळ ठेवले. मग तो त्या म्हातारीला म्हणाला, पण ऐकू सगळ्यांना गेले, "देवाचं देणं नवस फिटल्यावर द्यायचं असतं. देव थांबतो. ह्ये तर माणसाचं देणं निघालं. त्याला कसली वाट बघायची?"

तो दुकानात गेला आणि गल्ल्यात असेल नसेल ते पंच्यात घालून घेऊन आला. पंचा त्याने सुरैय्याच्या टेबलावर पसरून ठेवला आणि बाजूला झाला. कोणी मोजले नाही. काही जण रागाने निघून गेले, हेही सांगायला हवे. पण बरेच जण घरी गेले आणि परत आले.

तोवर चंद्रावतीच्या तोंडावर रंग आला होता. दिपिकाने नाडी पाहिली आणि म्हणाली, "काकी, इथंच थांबलात तरी चालेल. आता कोणाचं काही अडत नाही."

"माझं अडतंय," चंद्रावती म्हणाली. ती उठून उभी राहिली, घडीभर माझी पाठ धरून. मग कमळाकरला म्हणाली, "स्कूटर ऱ्हाऊ द्या. पाणी घ्या आणि चला माझ्याबरोबर, पायी. खोटं बोललात ना, आता पेणपर्यंत पळा."

"चप्पल हाय माझ्या पायात."

"माझ्या बुटात तांब्याभर पाणी होतं."

बायका हसल्या, आणि या वेळी त्यांनी पाणी ओतले नाही. कमळाकर तिच्याबरोबर निघाला. मी तिथेच राहिले. त्याने एकदाही मागे वळून माझ्याकडे पाहिले नाही. मला वाईट वाटायला हवे होते, पण वाटले नाही. तो प्रथमच तिच्या पुढे न जाता तिच्या बाजूने चालला होता.

पुढचे मी ऐकलेले सांगते. ती दोघे कधी पळत, कधी चालत पेणला पोचली तेव्हा बाकीची मंडळी जेवून बसली होती. कमळाकरची चप्पल वडखळला तुटली. पेणमध्ये राहिलेली फेरी मारताना चंद्रावती अबोला धरून होती, आणि फेरी संपल्यावर तिनेच त्याच्या पायातला काटा काढला.

गाडी आली. नवी नाही, पण तिचे पाय सारखे आहेत. आठवड्यातून दोनदा ती रोह्याहून सकाळी निघते आणि गडबला थांबते. तिच्यासाठी थांबणाऱ्यांना बसायला सखाने मला दुकानासमोर ठेवून घेतले आहे. सुरैय्याच्या सगळ्या खेपा झाल्या. एकदा ती नुसतीच भेटायला आली तेव्हा सखाने तिला पापड बांधून दिले आणि म्हणाला, "बस ना." ती म्हणाली, "नको, आता बसायचा कंटाळा आला."

चंद्रावती अजून या रस्त्याने पळते. दर सहा महिन्यांनी तिला तपासणीला जावे लागते, आणि त्या आधीच्या आठवड्यात ती जरा जास्तच जोरात पळते. कमळाकर बूट घालून तिच्या बाजूला असतो. लांबून दोघे दिसले की माझा आखूड पाय आपोआप डुगडुगू लागतो. ती टेकतील की तशीच पुढे जातील, हे मला कधीच सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घराच्या माळ्यावर माझ्यासारखी एखादी पडली असेल तर तिला खाली आणा. थोडे तेल सोडा, गंज घासून काढा आणि जिथे माणसे ताटकळतात तिथे ठेवा. तेवढे जमले नाही तरी चालेल. पण कोणी दमून तुमच्यासमोर उभे असेल, तर का दमलास, कशासाठी निघालास, हे नंतर विचारा. आधी बसायला द्या. चंद्रावतीला त्या दिवशी खुर्ची दोनदा मागावी लागली. मी तिथेच होते, हातभर अंतरावर. कोणावर दोनदा मागायची वेळ आणू नका.